काचेची तीट

आमच्या घरात नवी वस्तू आली, की तिच्या पाठोपाठ तिची खोळ येते. लहानपणी रेडिओ आला, तेव्हा आईने त्याला दोऱ्याने विणलेला एक झगा घातला होता. तो इतका घट्ट बसे, की बातम्या देणाऱ्याला कायमची सर्दी झाली आहे अशीच माझी समजूत होती. आमच्या सोफ्याच्या मूळ कापडाचा रंग हिरवा होता, ही गोष्ट मला तो मोडीत काढताना कळली. आणि टीव्हीचा रिमोट ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरी आला, त्याच पिशवीत तो म्हातारा होऊन वारला. हे केवळ आमच्याच घरचे वेड असते, तर ते मी चारचौघांत सांगितले नसते; पण वाचकहो, तुमच्या घरी या क्षणी कशाकशावर खोळ चढवलेली आहे ते एकदा मान वळवून पाहा आणि मग मला हसा.

अशा घरात मी कॅमेऱ्यासाठी रुंद कोनाची लेन्स घेऊन आलो, तेव्हा पुढे काय होणार ते ठरलेलेच होते. सौ.ने ती दोन्ही हातांत घेतली, तान्हे मूल पाहावे तशी उजेडाकडे धरून पाहिली, आणि म्हणाली, "हिच्या तोंडावर काय घालणार?"

"काही घालायलाच हवं का?"

"तीट लावल्याशिवाय बाळाला घराबाहेर काढतात का कुणी?"

तिने शब्द सहज वापरला. पण पुढले तीन आठवडे त्याने माझी पाठ सोडली नाही. तीट म्हणजे तरी काय? रूप जपावे म्हणून रूपाला मुद्दाम लावलेले गालबोट. लेन्सच्या तोंडावर आट्यांनी फिरवून बसवायची ती गोल संरक्षक काच नेमकी तशीच असते. लेन्स घडवणाऱ्याने दहा-पंधरा भिंगे तोलूनमापून एकापुढे एक बसवलेली असतात, आणि त्याने न मागितलेली एक काच आपण त्यांच्यापुढे उभी करतो. चित्र थोडे तरी बिघडणारच. शहाणी आई तीट कानामागे लावते, तिथे ती कुणाला दिसत नाही. लेन्सला कान नसतो. तिची तीट सगळ्या तोंडभर लागते.

एरवी मी दुकानदार देईल ती काच घेऊन मोकळा झालो असतो. पण लेन्स घेतली होती ती मार्कंड्यासाठी.

माझी थोरली मावशी चामोर्शीला असते. वय ८४. तिची महाशिवरात्रीची यात्रा लहानपणापासून कधी चुकली नाही. बंडीत तणसाची गादी घालून रात्री निघायचे आणि पहाटे वैनगंगेत बुडी मारायची. आता गुडघ्यांनी संप पुकारला आहे. मध्यंतरी तिच्या कानावर आले, की मोठ्या देवळाची दुरुस्ती काढली आहे आणि वरचे दगड खाली उतरवून ठेवले आहेत. तेव्हापासून फोनवर तिचा एकच धोशा. "बापू, त्या देवळाचा फोटू काढून दे मले. बाहेरून काढशील तसा नको. बाहेरून तं कॅलेंडरावरबी रायते. त्या बाजूच्या देवळात आत बसून जसं दिसते, तसा पाहिजे. सगळं दिसलं पाहिजे, डाव्या हाताचंबी अन् उजव्या हाताचंबी."

छायाचित्राच्या धंद्यातल्या कुणाही माणसाला विचारा. याहून कठीण फर्माईश करायची तर बुद्धीच चालवावी लागेल. अंधारा दगडी मंडप, त्यात एक-दोन दिवे आणि समोर भगभगीत उजेडाचे दार. ते सगळे एका चौकटीत, आणि मागे सरकायला जागा नाही, कारण पाठीला भिंत.

ज्यांनी मार्कंडा पाहिले नाही त्यांच्यासाठी चार शब्द. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या डाव्या काठावर हे स्थान आहे. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्याआधी हा सारा मुलूख चांद्याचाच. नदी इथे उत्तरेकडे वळते, म्हणून तीर्थ मोठे. एका आवारात एकेकाळी २४ देवळे होती असे सांगतात. आज त्यांतली बरीचशी पडली आहेत. पण मार्कंडऋषीच्या मुख्य देवळाच्या भिंतींवर मूर्तींच्या रांगांवर रांगा आहेत, आणि त्या पाहून लोक याला 'विदर्भाचे खजुराहो' म्हणतात. मला हे नाव आवडत नाही. आपल्या मुलीचे कौतुक करताना शेजारणीच्या मुलीचे नाव कशाला घ्यावे? अठराव्या शतकात वीज पडून शिखराचा भाग मंडपावर कोसळला, असे जुन्या नोंदी सांगतात. आवारात यमधर्माचेही देऊळ आहे. ज्याचा फास इथल्या देवाने परतवला, त्यालाही इथे घर दिले, ही गोष्ट मला सगळ्या शिल्पांहून सुंदर वाटते. मार्कंडेयाला आयुष्य मिळाले होते १६ वर्षांचे; यम आला तेव्हा त्याने शिवलिंगाला मिठी मारली आणि तो तरला. माझी लेन्स १६ मिलिमीटरची होती. हा योगायोग सौ.ला फार आवडला. मला तो किंचित अशुभ वाटला.

अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३ ते ७५ या काळात मध्य प्रांतात हिंडला, आणि त्याच्या पुरातत्त्व अहवालाच्या नवव्या खंडात मार्कंड्याचे सविस्तर वर्णन आहे. त्या काळी छायाचित्र घ्यायचे म्हणजे काचेच्या तावदानावर रसायन ओतून ते ओले असतानाच कॅमेऱ्यात घालायचे आणि वाळायच्या आत, अंधाऱ्या तंबूत जाऊन धुवायचे. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा, आणि उन्हाळ्यात त्याहूनही कमी. त्या लोकांनी लेन्सवर संरक्षक काच लावली होती की नाही, असा प्रश्न त्यांच्या सौ.ना पडलाच नसेल. तिथे चित्रच काचेवर होते आणि तीच बैलगाडीतून फुटू न देता आणायची होती!

असो. सीताबर्डीवरच्या एका दुकानात मी गेलो. काउंटरमागे एक विशीतला मुलगा होता. मी लेन्स काढताच त्याने तिच्या कडेवरचा आकडा वाचला. शून्यावर तिरपी रेघ मारलेले एक चिन्ह असते आणि त्यापुढे ७७. हा लेन्सच्या तोंडाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. लोक १६ नि ३५ हे आकडे पाहून काच मागतात आणि भलतीच घेऊन जातात, असे तो म्हणाला. मग त्याने तीन डब्या मांडल्या. पहिली तीनचारशे रुपयांची, दुसरी दोन हजारांच्या घरातली, आणि तिसरीची किंमत सांगताना त्याने आवाज खाली आणला, घरात मोठे आजारपण असल्यासारखा.

तिन्ही डब्यांवर 'यूव्ही' असे लिहिले होते. फिल्मच्या काळात या अक्षरांना अर्थ होता. अतिनील किरण डोळ्याला दिसत नाहीत, पण फिल्मला दिसत. त्यामुळे दूरचे डोंगर, उंचावरची हवा निळसर नि धुरकट येई, आणि ही काच ते किरण अडवी. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात ते काम आतल्या संवेदकापुढची काच आपसूक करते. पाटीलकी गेली तरी पाटील हे आडनाव राहावे, तसे डबीवर 'यूव्ही' राहिले आहे. नुसती स्वच्छ संरक्षक काच घेतली काय आणि यूव्ही घेतली काय, आपल्याला फरक पडत नाही. फरक पडतो तो तिच्यावरच्या लेपाने.

मुलाने मला एक गंमत दाखवली. ती तुम्हीही कोणत्याही दुकानात करून पाहा, पैसे पडत नाहीत. त्याने पहिली काच ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. तिच्यात ट्यूबलाइट जशीच्या तशी, पांढरीशुभ्र दिसली. भांग पाडून घ्यावा इतकी स्वच्छ. मग तिसरी धरली. तिच्यात ट्यूबलाइटच्या जागी हिरवट जांभळी, विझत आलेली एक रेघ होती. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के उजेड परत फेकतो. दोन बाजूंचे मिळून आठ टक्के. चांगले अनेकपदरी लेप चढवले, की हा आकडा दर बाजूला अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतो. आठ टक्के उजेड कमी पडला तर कॅमेरा त्याची भरपाई करील. तो खरा तोटा नव्हे. खरा तोटा आहे तो परत फेकलेला उजेड पुढे काय उद्योग करतो, यात.

तो उद्योग मी घरी पाहिला. दुकानदाराच्या परवानगीने तिन्ही काचा एका रात्रीसाठी घरी आणल्या, अनामत ठेवून. जेवणे झाल्यावर दिवे मालवले, देवघरातली समई आणून खोलीच्या वरच्या फळीवर उजवीकडे ठेवली, आणि काच न लावता एक, मग तिन्ही काचांनी एकेक, असे चार फोटो घेतले. सौ. म्हणाली, "उभ्या जन्मात देवाची समई अशी माळ्यावर चढवली नव्हती." फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. काच नसलेल्या फोटोत समई होती आणि अंधार होता. तीनशेच्या काचेच्या फोटोत दोन समया होत्या. एक वर उजवीकडे, खरी. आणि दुसरी खाली डावीकडे, उलटी लटकलेली, हिरवट, भुतासारखी. धाकट्या मुलीने ती पाहिली आणि त्या रात्री आमच्या खोलीत झोपायला आली.

हे भूत कुठून येते ते पुतण्याने समजावून दिले. तो पुण्याला अभियंता आहे आणि फोनवर समजावून देण्याची त्याला हौस आहे. ज्योतीचा उजेड लेन्समधून संवेदकावर पडतो. संवेदक चकचकीत असल्यामुळे त्यातला थोडासा उलट फिरतो आणि लेन्समधून बाहेर निघू पाहतो. बाहेर ही सपाट काच आरशासारखी उभी असते. ती त्याला पुन्हा आत ढकलते. मात्र आता तो चित्राच्या मध्यबिंदूच्या बरोब्बर पलीकडे पडतो, उलटा. दिवसाउजेडी हे भूत उजेडात बुडून जाते. अंधारात एखादा दिवा असला, की ते हटकून हजर. दोन हजारांच्या काचेत ते फिकट होते, सर्वांत महागाच्या काचेत शोधावे लागले, पण होते.

म्हणजे पाहा कशी गंमत आहे. मी ज्या एका चित्रासाठी सुमारे चारशे किलोमीटरची जाऊन-येऊन खेप करणार, त्याच चित्रात ही काच जास्तीत जास्त घात करणार!

"मग लावूच नकोस," पुतण्या म्हणाला. त्याचे मत पक्के होते. "काका, लोक सांगतात, कॅमेरा पडला, काच फुटली, लेन्स वाचली. अहो, ती काच दीडदोन मिलिमीटरची. ती फुटायचीच. पापड हातातून पडून फुटला, तर खालची फरशी वाचली असं आपण म्हणतो का? लेन्सचं पुढचं भिंग त्याहून कितीतरी जाड असतं. उलट फुटक्या काचेचे तुकडेच त्याच्यावर चरे पाडतात. तू आपला हूड लाव आणि जा."

त्याचे म्हणणे पडण्यापुरते बरोबर आहे. पण त्याने मार्कंड्याची यात्रा पाहिलेली नाही. तिथे लेन्स पडण्याची भीती थोडी. भीती आहे ती धुळीची, नदीच्या वाळूची, फुटणाऱ्या नारळांच्या पाण्याची, उधळलेल्या अबीराची, आणि आंघोळ करून ओल्या अंगाने रांगेत शिरणाऱ्या हजार माणसांची. रुंद कोनाच्या लेन्सचा हूड मुळातच बसक्या वाटीएवढा असतो. जास्त उंच केला तर तोच चित्रात येईल. तो धक्का झेलील, धूळ कशी अडवणार? आणि वाळूचा एक कण भिंगावर असताना धोतराच्या सोग्याने ते पुसणारा माणूस मी पाहिला आहे. त्याच्या लेन्सबद्दल इथे न बोललेले बरे. शिवाय कॅनन कंपनी तर आपल्या काही रुंद कोनाच्या लेन्सच्या माहितीपत्रकातच सांगते, की धूळपाण्याचा बंदोबस्त पुरा व्हायचा असेल तर पुढे काच लावा. त्या लेन्समध्ये पुढचे भिंग कडीच्या आत पुढेमागे सरकते आणि फट काचेनेच बुजते.

आता कडीचा प्रश्न. ५० मिलिमीटरची साधी लेन्स सुमारे ४७ अंशांचा कोन पाहते. तिच्यापुढे कसलीही जाड कडी लावा, ती तिला दिसत नाही. १६ मिलिमीटरची लेन्स, फिल्मएवढ्या मोठ्या संवेदकावर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १०७ अंश पाहते. तिला जवळजवळ स्वतःचे कान दिसतात म्हणा ना! तिच्यापुढे जाड कडी बसवली, की चित्राचे चारही कोपरे काळवंडतात, जुन्या लग्नाच्या फोटोत पुठ्ठ्याची गोल चौकट असे तसे. एकावर एक दोन काचा चढवल्या तर विचारूच नका. म्हणून पातळ कडी हवी. पण अतिपातळ कड्यांत एक खोड असते. त्यांना पुढच्या बाजूला आटेच नसतात, आणि लेन्सचे झाकण त्यांच्यावर ठरत नाही. चालता चालता गळून पडते. त्या मुलाने मला मधल्या जाडीची, पण पुढे आटे असलेली कडी काढून दिली. आकाश गडद करणारी ध्रुवीकरणाची काचही तो दाखवू लागला होता, ती मी हातात घेतली नाही. सूर्याशी काटकोनात असलेले आकाशच काय ते ती गडद करते, आणि एवढ्या रुंद चित्रात मग आकाशाच्या मध्येच एक निळा पट्टा उमटतो, इस्त्री करताना जळाल्यासारखा.

राहिली कडीची धातू. बहुतेक कड्या ॲल्युमिनियमच्या, काही पितळेच्या. ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमला घट्ट धरून बसते; उन्हात तापल्यावर आणि बोटांच्या जोराने किंचित दबल्यावर तर ती निघता निघत नाही. पितळेची कडी जड, महाग, पण सहज फिरते. इथे माझा निर्णय झाला. माझ्या कामाची काच ती, जी बसते कशी यापेक्षा निघते कशी, हे पाहून निवडावी. यात्रेत ती लागणार आणि मंडपात ती क्षणात काढता आली पाहिजे, अंधारात, घामेजल्या बोटांनी. मी सर्वांत महागाची, पितळी कडीची काच घेतली. सौ.ने किंमत विचारली नाही. हे औदार्य नव्हते. तिने पावती आधीच पाहिली होती.

निघण्यापूर्वी आठ दिवस, जेवणानंतर डोळे मिटून ती काच काढायचा आणि बसवायचा मी सराव केला. आटे वाकडे लागू नयेत म्हणून आधी अर्धा फेरा उलटा फिरवायचा, बारीक 'टक्' होते, मग सुलटा. ही युक्ती मला बरण्यांच्या झाकणांवरून आईने शिकवलेली.

उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत आम्ही गडचिरोलीला आणि तिथून पुढे गेलो. नागपूर-नागभीडची छोटी गाडी २०१९ साली बंद झाली, नाहीतर निम्मी वाट तरी तिनेच गेलो असतो. मार्कंड्याला पोचलो तेव्हा यात्रा ऐन भरात होती. धूळ इतकी, की माणसे कमरेपासून वरचीच दिसत होती. पाळण्यांचा कर्णा, ओले कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या, बेलाच्या टोपल्या. दुपारपर्यंत त्या काचेने एक नारळ झेलला, दोनदा अबीर झेलला, आणि "यात काय हाय?" असे म्हणत एका चार वर्षांच्या नागरिकाने जिलेबीचे बोट तिच्या बरोब्बर मध्यभागी ठेवले. त्याची आई ओशाळली. मी त्याला दुसरे बोटही ठेवू दिले. काच पुसायला अर्धे मिनिट लागले. भिंग असते तर माझ्या चेहऱ्यावर ते हसू आले नसते.

दिवस कलताना बाजूच्या त्या देवळात शिरलो. मंडपात चार-सहा म्हाताऱ्या टेकलेल्या. समोर दार, दारात उजेड. उजव्या खांबावर, उंच, यात्रेसाठी टांगलेला विजेचा दिवा. पाठ भिंतीला लावून पहिले चित्र घेतले आणि मागच्या पडद्यावर पाहिले. खाली डाव्या कोपऱ्यात, दगडावर, हिरवट ठिपका. फिकट होता, दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आला नसता. मी काच फिरवली. दीड फेऱ्यात ती हातात आली. ती डबीत, डबी सदऱ्याच्या खिशात. संरक्षित स्मारकात तिपाई लावायची तर परवानगी लागते, म्हणून खांबालाच खांदा टेकवला, श्वास धरला आणि सात-आठ चित्रे घेतली. एक म्हातारी म्हणाली, "झालं का रे बाप्पा? आमी हालू का?" काच पुन्हा बसवली आणि मगच बाहेर धुळीत आलो.

महिन्याभराने १२ बाय १८ इंचांची प्रत घेऊन चामोर्शीला गेलो. मावशीने ती मांडीवर आडवी धरली. दाराकडे, खांबांकडे, त्या उजेडाकडे तिने पाहिलेसे केले; माझ्या जिवाचा आटापिटा तिथे झाला होता, पण तिचे बोट सरकत सरकत खाली डाव्या कोपऱ्यात गेले. तिथे खांबाच्या पायथ्याशी एका ओट्याचा हातभर तुकडा होता.

"इथं बसून आमी शिदोरी सोडत होतो," ती म्हणाली. "माय इकडं, मी इकडं, अन् तुही माय मधात. लहान होती. तिनं दह्याचं गाडगं इथंच सांडवलं होतं. लय मार खाल्ला बिचारीनं."

आणि चष्मा कपाळावर सारून, फोटो पार डोळ्यांशी नेऊन ती तो दगड न्याहाळू लागली, डाग अजून आहे का ते पाहावे तशी.